सही नसलेली चित्रे

नरकचतुर्दशीच्या पहाटे आपल्या घरात किती चित्रे येतात, याचा हिशेब कोणी कधी केला आहे काय? उटण्याच्या पुडीवर हाती तबक घेतलेली एखादी सुवासिनी असते. फटाक्यांच्या माळेवर मोर असतो, वाघ असतो, क्वचित प्रत्यक्ष लक्ष्मीही असते, आणि तिला काडी लावताना आपला हात मुळीच कचरत नाही. चहाबरोबर उघडलेल्या बिस्किटांच्या पुड्यावर एक गोबऱ्या गालांची मुलगी असते. भिंतीवर वाण्याने दिलेले कॅलेंडर असते. आणि फराळाचे ताट बाजूला सारून ज्याच्यासाठी भावंडांत ओढाताण होते, तो दिवाळी अंक असतो. या साऱ्या चित्रांत कोपऱ्यात सही असते ती बहुधा एकाच चित्रावर, अंकाच्या मुखपृष्ठावर. बाकीची चित्रे जणू झाडाला पान फुटावे तशी आपोआप फुटलेली असतात. त्यांना बाप नाही, आणि असला तरी त्याची चौकशी करण्याची आपल्याकडे रीत नाही.

आमच्या कलासमीक्षेनेही ती केलेली नाही. प्रदर्शनात टांगलेल्या चित्रावर आम्ही चार रकाने लिहितो. मग ते चित्र पन्नास माणसांनी पाहिलेले असो वा पाचांनी. पण ज्या चित्राने तीन पिढ्यांची नजर घडवली, कोणता चेहरा सुंदर, कोणते घर सुखी, कोणते मूल गोजिरवाणे हे ज्याने आम्हाला नकळत शिकवले, त्याच्याविषयी आमच्यापाशी एकच शब्द असतो : 'कमर्शिअल'. हा शब्द उच्चारताना ओठ जरा वाकडे करावे लागतात. वास्तविक मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये व्यापारी कलेचा वर्ग १९३५ च्या सुमारास सुरू झाला आणि १९५८ पासून या कलेची स्वतंत्र संस्थाच उभी राहिली. म्हणजे शिकवण्याजोगी म्हणून ही कला केव्हाच मान्य झाली. परीक्षण करण्याजोगी म्हणून मात्र अजून व्हायची आहे.

मी ही तक्रार अगदी निःस्वार्थ बुद्धीने करीत आहे असे नाही. स्वतंत्र चित्रकार म्हणून, म्हणजे कोणाचीही नोकरी न करता पण सर्वांची चाकरी करीत, मीही काही वर्षे या धंद्यात काढली आहेत. परंतु तो वृत्तान्त पुढे येईल. आधी एका कुत्र्याविषयी बोलू.

'हिज मास्टर्स व्हॉइस'चा कुत्रा ठाऊक नाही असे जुने मराठी घर विरळा. ज्या घरात नाट्यपदांच्या तबकड्या होत्या, त्या घरात तो होता. तबकडीबरोबर तो गरगर फिरायचा आणि लहान मुलांना पदापेक्षा त्याच्याच प्रदक्षिणांचे कौतुक अधिक. त्या कुत्र्याचे नाव निपर, आणि त्याचे चित्र काढणारा फ्रान्सिस बॅरॉ हा इंग्रज चित्रकार. निपर मूळचा त्याच्या भावाचा. भाऊ १८८७ मध्ये वारला आणि कुत्रा फ्रान्सिसकडे आला. फोनोग्राफ वाजू लागला की हा कुत्रा कर्ण्याशी कान टवकारून बसतो, हे चित्रकाराने पाहून ठेवले होते. निपर १८९५ मध्ये मेला. त्यानंतर केव्हातरी बॅरॉने आठवणीने ते दृश्य रंगवले आणि १८९९ च्या फेब्रुवारीत त्याची नोंदणी केली. त्या नोंदणीतल्या मथळ्यात यंत्र आहे ते फोनोग्राफ, ग्रामोफोन नव्हे.

फोनोग्राफ बनवणाऱ्या कंपनीला हे चित्र दाखवले तेव्हा कुत्री काही फोनोग्राफ ऐकत नसतात, असे उत्तर मिळाल्याचे सांगतात. पुढे चित्रातला काळा कर्णा जरा उजळावा म्हणून पितळी कर्णा उसना मागायला बॅरॉ लंडनच्या ग्रामोफोन कंपनीत गेला. तिथल्या व्यवस्थापकाला चित्र आवडले. पण त्याची अट सरळ होती : ते यंत्र पुसा आणि आमचे यंत्र काढा. बॅरॉने पुसले आणि काढले. पन्नास पौंड चित्राचे, पन्नास पौंड हक्काचे, असा शंभर पौंडांचा सौदा झाला. विशिष्ट कोनातून प्रकाश पडला तर मूळ चित्रात नव्या रंगाखालून जुने यंत्र अजूनही अंधुक दिसते, म्हणतात.

इथपर्यंतची गोष्ट पुष्कळांनी सांगितली आहे, आणि बहुतेक जण ती यशाची गोष्ट म्हणून सांगतात. माझे लक्ष मात्र त्या पुसलेल्या यंत्राकडे जाते. फोनोग्राफ आणि ग्रामोफोन यांत फरक केवळ कंपनीचा नव्हता. फोनोग्राफच्या मेणाच्या नळकांड्यावर घरच्या माणसाला स्वतःचा आवाज उतरवून ठेवता येई. ग्रामोफोनवर कारखान्यातून आलेली तयार तबकडी तेवढी वाजे. घरात आवाज भरून ठेवण्याची सोय त्यात नव्हती. म्हणजे पहिल्या चित्रात धन्याचा आवाज खरोखरच धन्याचा असू शकत होता. कोण जाणे, तो गेलेल्या धन्याचाही असेल, आणि म्हणून तर कुत्र्याच्या कलत्या मानेत ते नवल आणि ती व्याकुळता आहे. पुढे लोकांनी अशी दंतकथा जोडलीच की तो आवाज मेलेल्या भावाचा आहे. दुसऱ्या चित्रात, म्हणजे जे जगभर गेले त्यात, कुत्रा ऐकतो आहे ती दुकानातून आणलेली, कोणा गायकाची तबकडी! चित्राचे नाव तेच राहिले, कुत्रा तोच राहिला, पण चित्राचा अर्थ गिऱ्हाइकाने एका फटकाऱ्यात फिरवला.

आणि तरीही चित्र मेले नाही, हे नवल आहे. ते का मेले नाही याचे उत्तर मला समीक्षक म्हणून महत्त्वाचे वाटते. बॅरॉने यंत्र बदलले. कुत्र्याची मान बदलली नाही. पुढचे दोन पाय घट्ट रोवलेले, डोके किंचित कललेले, नजर कर्ण्याच्या आत. या तीन गोष्टींत चित्राचा जीव होता आणि गिऱ्हाइकाचे त्यांच्याकडे लक्षच नव्हते. गिऱ्हाईक नेहमी मालाकडे पाहते. चित्रकाराला जे वाचवायचे असते ते त्याने मालापासून चार बोटे दूर ठेवावे, हा धडा बॅरॉने ठरवून दिला नसेल, पण दिला एवढे खरे.

त्यापूर्वीचे 'बबल्स' या चित्राचे प्रकरण अधिक गाजलेले आणि माझ्या मते कमी अर्थाचे. सर जॉन मिले यांनी १८८६ मध्ये आपल्या नातवाचे साबणाचे फुगे उडवतानाचे चित्र काढले. एका चित्रमय साप्ताहिकाच्या मालकाने ते हक्कांसह विकत घेऊन पिअर्स साबणवाल्यांना विकले, आणि जाहिरातीत त्या पोराच्या पायाशी साबणाची वडी येऊन बसली. मोठा गहजब झाला. पण त्यात चित्रकाराची कसोटी लागलीच नाही. त्याने चित्र केव्हाच हातावेगळे केले होते. कसोटी लागते ती बॅरॉसारख्याची. त्याला स्वतःच्या हाताने स्वतःचे यंत्र पुसावे लागते.

आता आपल्या अंगणात येऊ. चित्र छापून घरोघर नेण्याचा मोठा उद्योग आपल्याकडे उभारला तो राजा रविवर्म्याने. १८९४ मध्ये मुंबईत निघालेला त्याचा छापखाना पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि त्यातून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती साबणवाल्यांच्या कॅलेंडरांवर जाऊन बसल्या. हा इतिहास परिचित आहे. मला अधिक जिव्हाळ्याने बोलायचे आहे ते दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर या जोडीविषयी. दलालांचा जन्म १९१६ चा, मुळगावकरांचा १९१८ चा. दोघेही गोव्याचे, दोघांचीही कर्मभूमी मुंबई. पुस्तकांची वेष्टने, कॅलेंडरे, कथाचित्रे, दिवाळी अंकांची मुखपृष्ठे असे कोणते काम या दोघांनी केले नाही! एका पिढीने आपल्या स्वप्नातली नायिका या दोघांपैकी एकाकडून उसनी घेतली होती, आणि कोणाची सरस यावर वाड्यावाड्यांतून वाद होत.

त्या वादात उशिरा का होईना, मी उतरतो. मुळगावकरांच्या चित्रांत त्वचेची जी कांती आहे, दागिन्यांवर जो उजेड खेळतो, तो त्यांच्याआधी आणि नंतर कोणाला फारसा साधला नाही. त्यांचे राम-कृष्ण पाहून हात जोडले जातात, हेही खरे. पण त्यांची सीता, त्यांची राधा आणि त्यांची कथेतली कॉलेजकन्यका अशा तिघी शेजारी ठेवल्या तर त्या सख्ख्या बहिणी निघतात. यात दोष हाताचा नाही. तो मागणीचा आहे. एकदा एक चेहरा लोकांना आवडला की प्रत्येक प्रकाशक आणि प्रत्येक कारखानदार म्हणतो, "तस्साच काढा." स्वतंत्र चित्रकाराचा खरा मालक गिऱ्हाईक नसतोच, त्याचे स्वतःचे मागच्या वर्षीचे यश हा त्याचा मालक असतो, आणि असा मालक नोकरी सोडून टाळता येत नाही.

दलालांनाही हा मालक भेटला होता. त्यांच्याही कमनीय स्त्रिया पुष्कळदा एकाच साच्यातून उतरतात. पण दलालांच्या रेषेत एक अस्वस्थपणा आहे. आज लघुचित्रांच्या वळणाने जाणारी, उद्या नुसत्या सपाट रंगांत उभी राहणारी, परवा चार फटकाऱ्यांत माणूस पकडणारी ती रेषा वीस वर्षांत पुष्कळ हिंडली. याचे एक कारण मला फार व्यवहारी वाटते. १९४५ मध्ये त्यांनी स्वतःचाच 'दीपावली' अंक काढला. म्हणजे वर्षातून निदान एकदा तरी गिऱ्हाईक आणि चित्रकार एकाच खुर्चीवर बसू लागले. त्या मुखपृष्ठावर साडीचा रंग बदला म्हणणारा कोणी नव्हता. मुळगावकरांनीही पुढे स्वतःचे प्रकाशन केले, तेव्हा हे कारण पुरते पडत नाही हे मला कळते. स्वभावाचाही भाग असणार. तरी पण ज्याला हप्त्याहप्त्याने दुसऱ्याच्या पसंतीस उतरायचे आहे, त्याने आपल्यापुरती एक भिंत राखून ठेवावी, ही दलालांची युक्ती मला मोठी वाटते. आपल्या मराठी दिवाळी अंकाने चित्रकाराला जे दिले त्याची नोंद साहित्याच्या इतिहासात सापडत नाही. त्याने त्याला कोपऱ्यात सही करण्याची जागा दिली.

कारण बाकीच्या धंद्यात ती नव्हती. एअर इंडियाचा मिशाळ महाराजा १९४६ मध्ये जन्मला. कल्पना बॉबी कूका यांची, चित्र उमेश राव यांचे. अमूलची ठिपक्यांच्या झग्यातली मुलगी १९६६ पासूनची. सिल्व्हेस्टर दा कुन्हा यांच्या जाहिरातसंस्थेत युस्टेस फर्नांडिस यांनी ती रेखाटली. पार्ल्याच्या बिस्किटांवरच्या मुलीची कथा तर विनोदी आहे. ती मुलगी म्हणजे लहानपणीच्या अमुक बाई किंवा तमुक बाई, अशा वावड्या वर्षानुवर्षे उठत राहिल्या. कंपनीने शेवटी खुलासा केला की ते छायाचित्र नव्हेच; 'एव्हरेस्ट' या जाहिरातसंस्थेतल्या मगनलाल दहिया यांनी १९६० नंतरच्या दशकात काढलेले ते चित्र आहे. इतकी वर्षे लोक ही कोणाची मुलगी हे विचारीत होते. हे कोणाचे चित्र, हे कोणीच विचारले नाही!

या सर्वांत मला श्रेष्ठ वाटतो तो आर. के. लक्ष्मण यांचा 'गट्टू'. एशियन पेंट्ससाठी १९५४ मध्ये त्यांनी हे पोर काढले. नाव मात्र त्याला स्पर्धेतून लोकांनी दिले. कपाळावर आलेली केसांची झुलूप, हातात रंगाचा डबा आणि ब्रश, आणि आता हा भिंत रंगवणार की बिघडवणार हा पाहणाऱ्याला पडलेला प्रश्न. रंग विकणाऱ्या कंपनीला खरे तर नीटनेटका, आज्ञाधारक कारागीर हवा असायचा. लक्ष्मणांनी तिला एक व्रात्य पोर दिले, आणि घर रंगवण्याच्या वैतागवाण्या कामात सुट्टीच्या दिवसाचा दंगा आणला. लक्ष्मणांचा 'सामान्य माणूस' सारे पाहतो आणि काही करीत नाही. गट्टू काही पाहत नाही आणि करून मोकळा होतो. एकाच हाताची ही दोन अपत्ये. एकाचे पुतळे उभारले गेले. दुसरे कंपनीने २००२ च्या सुमारास निवृत्त केले, आणि कोणाही कलासमीक्षकाने त्याच्यावर मृत्युलेख लिहिला नाही. गिऱ्हाइकाने मागितले ते न देता, त्याला हवे होते ते देणे, ही या कलेची सर्वोच्च पायरी मी मानतो. गट्टू त्या पायरीवर बसला आहे, बहुधा रंग सांडून.

आता थोडे पैशाचे आणि कायद्याचे. सणासुदीला हा विषय नको असे संपादक म्हणतील, पण त्याच्यावाचून ही कला समजत नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या सतराव्या कलमात असे आहे की, कोणी मोबदला देऊन आपल्या सांगण्यावरून रंगचित्र किंवा व्यक्तिचित्र काढून घेतले, तर उलट करार नसल्यास त्याच्या हक्काचा पहिला मालक तो काढून घेणारा. चित्रकार नव्हे! कथालेखकाने मासिकाला कथा दिली की तो सहसा फक्त ती छापू देतो. चित्रकार मात्र गप्प राहिला तर घरच देऊन टाकतो. ज्याने आधी लिहून घेतले त्याचीच गोष्ट वेगळी. हक्क आपल्याकडे ठेवून लेखी देताना मुदत घातली नाही तर ती पाच वर्षांची आणि प्रदेश लिहिला नाही तर तो भारतापुरता धरावा, असे एकोणिसावे कलम सांगते. पण लिहिण्याचीच आपल्याला लाज. "अहो आर्टिस्टसाहेब, आपल्यात कागद कशाला?" असे म्हणून शेटजींनी चहा मागवला की आमचा कायदा तिथेच बशीत बुडतो.

एक गोष्ट मात्र विकूनही विकली जात नाही. सत्तावन्नावे कलम कर्त्याला आपले नाव सांगण्याचा आणि आपल्या कृतीची नाचक्की होईल अशी मोडतोड रोखण्याचा हक्क देते. दिल्लीच्या विज्ञान भवनातले शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचे भव्य भित्तिशिल्प १९७९ मध्ये सरकारने उखडून कोठारात टाकले. सेहगल न्यायालयात गेले. २००५ मध्ये दिल्लीच्या उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, अवशेष परत करायला लावले आणि पाच लाख रुपये भरपाई दिली. हक्क सरकारकडे होता. पण बापपण सेहगलांचेच राहिले. साबणाच्या वेष्टनासाठी एवढे कोण भांडणार, असे कोणी म्हणेल. मीही भांडलो नाही.

ती हकीकत अशी. एका मसालेवाल्यांसाठी मी पाकिटावरचे चित्र काढले होते : पाट्याशी बसलेली, वरवंटा थांबवून वर पाहणारी एक बाई. कोणाशी तरी बोलता बोलता हात थांबावा तशी. मालकांना चित्र पसंत पडले. फक्त बाई जरा उजळ हव्या होत्या. मग नथ मोठी झाली, मग बांगड्या हिरव्या झाल्या, मग चेहऱ्यावर हसू आले. पाचव्या खेपेला त्यांनी संगणकाने चार शब्दांवरून तयार केलेले एक चित्र पुढे केले आणि म्हणाले, "हे असे गुळगुळीत हवे, पण हाताने काढलेले वाटले पाहिजे." हे वाक्य मी वहीत लिहून ठेवले आहे, आजच्या आमच्या धंद्याचे इतके नेमके वर्णन मला करता आले नसते. मी सारे बदलले. एक थांबलेला हात तेवढा तसाच ठेवला. ठरलेल्या पैशांपैकी दोन तृतीयांश मिळाले. बाकीचे 'पुढच्या कामात धरू' या सदरात गेले. सहीसाठी मी पदराच्या किनारीत जागा केली होती; छापताना किनारच बदलली.

दोन वर्षांनी तीच बाई मला लोणच्याच्या बरणीवर भेटली. पाटा गेला होता, वरवंटा गेला होता. पण कोणीतरी घाईने कापताना हात मात्र तसाच, हवेत थांबलेला ठेवला होता. मला राग यायला हवा होता. आधी आठवला तो बॅरॉ. मूळ चित्र विकल्यावर त्याने त्याच चित्राच्या चोवीस नकला कंपनीसाठी काढल्या, आणि उतारवयात कंपनीने त्याला तनखा बांधून दिला. चोवीस वेळा तीच कललेली मान! कंटाळला असेल की त्या निमित्ताने घरचा कुत्रा पुन्हा पुन्हा भेटतो म्हणून सुखावला असेल, कोणी सांगावे?

बरणी मी घरी आणली. आईने ती उजेडात धरली, चष्मा वर केला आणि म्हणाली, "अरे, ही तर आपल्या यमूमावशीसारखी दिसते. बोलताना हात असाच धरायची बघ." यमूमावशीला जाऊन तेव्हा अकरा वर्षे झाली होती. चित्र कोणाचे हे आईला ठाऊक नव्हते आणि मीही सांगितले नाही. लोणचे संपले तेव्हा तिने बरणी धुऊन पुसून, चित्राची बाजू पुढे करून, फडताळात ठेवली. सध्या तीत चकल्या आहेत.